नापास गाडीच्या चिठ्ठीवरचे पाच आकडे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांची जुनी पेट्रोल गाडी धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली. त्यांनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे बाहेर पडण्याआधी धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, नवा बसवला, तरी ती तिसऱ्यांदा नापास झाली, आणि आता ते गाडी भंगारात काढायला निघाले आहेत. ते पत्र मी दोनदा वाचलं. पाच महिन्यांपूर्वी मीही त्याच वाटेवर होते, म्हणून हे लिहिते आहे. पत्र लांबलं आहे याची मला कल्पना आहे. कात्री लावायची तर माझ्या गप्पांना लावा, आकडे मात्र तसेच राहू द्या.

मी शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. गाडीच्या बॉनेटखालचं मला फारसं काही कळत नव्हतं, आजही बेताचंच कळतं. गाडी बावीस वर्षांची आहे. चार सिलिंडर, पेट्रोल, कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली. ती आमच्या ह्यांनी हौसेनं घेतली. डोळ्यांच्या त्रासामुळे हे आता चालवत नाहीत, शेजारी बसून आवाज ऐकतात आणि शेरे मारतात. त्या शेऱ्यांचा पुढे उपयोग झाला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तपासणी केंद्रावरच्या मुलानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, इंजिन तापलंय का विचारलं, यंत्राकडे दोन मिनिटं पाहिलं आणि ‘नापास’ म्हणून चिठ्ठी हातात दिली. काय बिघडलंय विचारलं तर म्हणाला, ‘कन्व्हर्टर गेला असेल. जुनी गाडी आहे, काकू.’ त्याचं वागणं उद्धट नव्हतं. मागे रांग होती, आणि उपाय सांगणं हे त्याचं काम नाही असं त्याला शिकवलेलं असावं. पण मी एकतीस वर्षांत एकाही मुलाला नुसतं ‘नापास’ लिहून पेपर परत दिलेला नाही. कुठल्या प्रश्नात गेलं ते पोराला कळायला नको?

घरी येऊन चष्मा लावला. चिठ्ठीवर पाच आकडे होते, फक्त ते कुणी वाचले नव्हते. कार्बन मोनॉक्साइड ३.८ टक्के. हायड्रोकार्बन ६२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ६२०. कार्बन डायऑक्साइड ११.९ टक्के. ऑक्सिजन ०.९ टक्के. आणि सगळ्यांच्या खाली बारीक अक्षरात लॅम्डा ०.९१.

हे माझं घरचं मैदान होतं. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. ते पुरतं जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. त्यासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हा आकडा पुस्तकी वाटतो म्हणून असा धरा: टाकीतल्या एका लिटर पेट्रोलमागे इंजिन साधारण नऊ हजार लिटर हवा ओढतं. हवा याहून कमी पडली की कार्बनच्या वाट्याला दोनऐवजी एकच ऑक्सिजन येतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणजे तो अर्धवट जळल्याचा पुरावा. हायड्रोकार्बन म्हणजे जळलंच नाही असं पेट्रोल. ऑक्सिजन म्हणजे वापरायची राहून गेलेली हवा. आणि कार्बन डायऑक्साइड हा चांगल्या कामाचा मार्क आहे, जितका जास्त तितकं बरं. चांगल्या इंजिनात तो चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो.

या चार वायूंवरून यंत्र पाचवा आकडा काढतं, तो लॅम्डा. हवा आणि पेट्रोल नेमकं हवं त्या प्रमाणात असेल तर तो १ येतो. हवा जास्त झाली तर एकाच्या वर, पेट्रोल जास्त झालं तर एकाच्या खाली. माझा ०.९१ होता. म्हणजे इंजिनाला हवी त्यापेक्षा नऊ टक्के हवा कमी मिळत होती, किंवा सरळ सांगायचं तर पेट्रोल उधळलं जात होतं.

आता तुमच्या त्या वाचकासाठी या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लॅम्डा हा अणूंचा हिशेब आहे. धुरात एकूण कार्बन किती, हायड्रोजन किती, ऑक्सिजन किती, यावरून तो मांडला जातो. कन्व्हर्टर काय करतो? त्याच्या आत मातीच्या भांड्यासारख्या पदार्थाचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं असतं, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ थर असतो, आणि त्या पृष्ठभागावर वायू आपापसात ऑक्सिजनची देवाणघेवाण करतात. मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल जळतं, नायट्रोजनचे ऑक्साइड फुटतात. पण अणू नवा येत नाही आणि असलेला जात नाही. म्हणून कन्व्हर्टरच्या आधी मोजा किंवा नंतर मोजा, लॅम्डा तोच राहतो. कन्व्हर्टर नवा असो, जुना असो, नाहीतर मधून कापून टाकलेला असो.

याचा अर्थ असा, की ०.९१ चा दोष कन्व्हर्टरवर लावताच येत नाही. गडबड त्याच्या आधी, इंजिनात किंवा इंजिनाला पेट्रोल मोजून देणाऱ्या व्यवस्थेत आहे. शिवाय पुरेसा ऑक्सिजनच उरला नसेल तर बिचारा कन्व्हर्टर मोनॉक्साइड जाळणार कशानं? नवा कोरा बसवला असता तरी मी नापासच झाले असते. मुलाच्या हाताला पेन लागत नाही म्हणून वही बदलण्यातला प्रकार.

ही चिठ्ठी घेऊन मी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्यानं ती न उलगडता खिशात घातली आणि कन्व्हर्टरची चौकशी करायला फोन काढला. मी ती परत मागून घेतली आणि बाहेर पडले. दुसरा मेकॅनिक तरुण होता, त्याच्याकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर होता आणि मुख्य म्हणजे त्यानं चिठ्ठी वाचली. ‘रिच चालतेय’ एवढंच म्हणाला. हा त्यांचा शब्द. मिक्श्चरमध्ये पेट्रोल जास्त झालं की गाडी रिच, हवा जास्त झाली की लीन.

रिच का चालते याची उत्तरं अनेक असतात. इंजेक्टर गळका असू शकतो. पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा पडदा फाटून व्हॅक्यूमच्या नळीतून पेट्रोल थेट इंजिनात जाऊ शकतं. ती नळी काढून वास घेतला की कळतं. टाकीतली वाफ साठवणाऱ्या डब्याचा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी तडकलेली असू शकते. मेकॅनिक यातलं काही खोलायला धावला नाही. गाडी वीस मिनिटं फिरवून आणली, स्कॅनर लावला आणि मला पडदा दाखवला. इंजिनातल्या पाण्याचं तापमान: ५२ अंश.

‘इतक्या वेळात नव्वदच्या आसपास पाहिजे,’ तो म्हणाला.

मागच्या सीटवर हे बसले होते. हे म्हणाले, ‘आपली गाडी तापतच नाही. इतक्या वर्षांत काटा कधी अर्ध्यावर गेला नाही.’ हे वाक्य ह्यांनी पाहुण्यारावळ्यांना इतक्यांदा ऐकवलं आहे की मलाही त्याचा अभिमान वाटू लागला होता. मेकॅनिकनं वळून ह्यांच्याकडे पाहिलं आणि न बोलता पाना उचलला. रेडिएटरच्या वरच्या पाइपाला जोडलेलं झाकण खोललं. आत थर्मोस्टॅट नव्हता. बिघडलेला नव्हता, अडकलेला नव्हता. मुळात नव्हताच.

मग सगळा उलगडा झाला. सात वर्षांपूर्वी एका लांबलचक चढावर गाडी तापली होती. तेव्हाच्या मेकॅनिकनं थर्मोस्टॅट काढून टाकला आणि ‘आता जन्मात तापणार नाही’ असं सांगितलं. तापण्याचं खरं कारण पंख्याची मोटर होती, ती पुढे महिन्याभरात बदलावी लागलीच. पण काढलेला थर्मोस्टॅट परत बसवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गाडी थंड चालतेय म्हटल्यावर आठवण तरी कशाला होईल!

थर्मोस्टॅट ही मुठीत मावेल एवढी वस्तू. आत मेणाची कुपी असते. इंजिन थंड असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधीच पुरतं तापत नाही. गाडीचा कॉम्प्युटर पाण्याच्या सेन्सरला विचारतो, ‘तापलं का इंजिन?’ उत्तर येतं, ‘अजून नाही.’ थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून जुन्या गाड्यांत आपण चोक ओढत होतो. कॉम्प्युटर तेच करतो, पेट्रोल थोडं वाढवून देतो. इंजिन तापेपर्यंतची ही सोय असते. आमच्या गाडीत ती सोय सात वर्षं चालू होती. दुसऱ्या शब्दांत, आम्ही सात वर्षं चोक ओढून गाडी चालवली आणि ‘ॲव्हरेज पूर्वीसारखं राहिलं नाही, पेट्रोलच भेसळीचं येतंय’ म्हणून जगाला नावं ठेवली.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये जातं. मेकॅनिकनं डिपस्टिक काढून माझ्या नाकाजवळ धरली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर होती. ऑइल कमी होत नाही याचाही आम्हाला आनंदच होता! असं पातळ झालेलं ऑइल इंजिन झिजवतं. शिवाय त्यातली पेट्रोलची वाफ क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाच्या) नळीतून परत इंजिनात ओढली जाते आणि धुरात मोनॉक्साइडची भर घालते. म्हणून तपासणीआधी ऑइल बदला हा जुना सल्ला उगाच दिलेला नसतो. फक्त ऑइल कशामुळे बिघडलं ते शोधलं नाही तर तो सल्ला महिनाभरच पुरतो.

थर्मोस्टॅट बसवला, कूलंट नवा भरला, ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलला. दहा दिवस गाडी चांगली फिरवली. काटा सात वर्षांत पहिल्यांदा मध्यावर येऊन थांबला आणि हे दर पाच मिनिटांनी मला काटा वाचून दाखवायला लावू लागले.

पुन्हा तपासणी. पुन्हा नापास.

या ठिकाणी माणसं हात टेकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण आकडे बघा. मोनॉक्साइड ३.८ वरून १.१ वर आला होता. हायड्रोकार्बन ६२० वरून ३१०. डायऑक्साइड ११.९ वरून १३.९. ऑक्सिजन मात्र ०.९ वरून वाढून १.६, आणि लॅम्डा १.०३. ज्या मुलाला पहिल्या चाचणीत बारा मार्क होते आणि दुसऱ्यात एकतीस, तो नापास आहे हे खरं, पण त्याच्या वडिलांना बोलावून ‘शाळेतून काढा’ म्हणणारा शिक्षक मूर्ख म्हणायचा.

आणि या वेळच्या आकड्यांत एक विसंगती होती, ती मला फार आवडली. मोनॉक्साइड आहे म्हणजे जळताना हवा कमी पडली. ऑक्सिजन आहे म्हणजे हवा उरली. एकाच धुरात दोन्ही कसं? त्यातून हे सगळं कन्व्हर्टरमधून बाहेर आलेलं, जिथे दोन्ही एकमेकांत मिसळून संपायला हवं होतं. कन्व्हर्टरवरचा संशय बाजूला ठेवला तर दोन शक्यता उरतात. एखादा सिलिंडर मधूनच मिसिंग करत असेल, म्हणजे त्याच्या वाट्याचं पेट्रोल आणि हवा दोन्ही न वापरता पुढे जात असतील. नाहीतर जळून झाल्यानंतर, धुराच्या वाटेवर कुठेतरी बाहेरची हवा आत शिरत असेल.

दुसऱ्या शक्यतेचं उत्तर ह्यांच्याकडे होतं. ‘सकाळी गाडी सुरू केली की टिकटिक करते, मग पाच मिनिटांत थांबते. मी केव्हाचा सांगतोय.’ खरंच केव्हाचे सांगत होते. मी ते ‘हो, हो’ म्हणून सोडून देत होते. मेकॅनिकला हे सांगताच त्यानं इंजिन गार असताना सुरू केलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळीच्या, सांध्याजवळ कान नेला. तिथलं पॅकिंग एका कडेला जळून गेलं होतं. गार असताना फटीतून धूर टिकटिक करत बाहेर यायचा, धातू तापून फुगला की फट जवळजवळ बुजायची आणि आवाज बंद व्हायचा. पण धूर सायलेन्सरकडे एकसारखा वाहत नाही, धक्क्याधक्क्यानं जातो. दोन धक्क्यांच्या मधे नळीत क्षणभर दाब कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते.

ही हवा नुसती आकडे बिघडवत नाही. त्या फटीच्या पुढेच ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन उरला की तो कॉम्प्युटरला कळवतो, ‘मिक्श्चर लीन आहे, पेट्रोल वाढव.’ त्याला दिसत असलेला ऑक्सिजन बाहेरून आलेला आहे हे त्याला कसं कळणार? कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, मोनॉक्साइड वाढतो. मिसिंग करणाऱ्या सिलिंडरमुळेही नेमकी हीच फसगत होते. सेन्सरही खरं बोलतो, कॉम्प्युटरही नियमानंच वागतो, आणि तरी गाडी नापास होते.

पॅकिंग बदलताना एक गंजलेला स्टड तुटला आणि त्यात एक अख्खा दिवस गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्याच वेळी सेन्सरही तपासला. तापल्यावर त्याचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या मधे सारखा खालीवर व्हायला हवा. आमचा काजळीनं माखलेला होता आणि सुस्तपणे दोलायमान होत होता. तोही बदलला. प्लग काढले तर चारही काळे, कोरड्या काजळीचे. सात वर्षांच्या चोकची ती कमाई. एका प्लगची फट १.४ मिलिमीटर झाली होती, गाडीच्या पुस्तकात १.१ सांगितली आहे. ठिणगीला तेवढी उडी मारणं जड जातं, आणि ती हुकली की हायड्रोकार्बन वाढतो. चारही नवे घातले.

तिसरी चिठ्ठी: मोनॉक्साइड ०.१२, हायड्रोकार्बन ४८, डायऑक्साइड १४.९, ऑक्सिजन ०.३, लॅम्डा १.०१. पास. कन्व्हर्टर तोच, बावीस वर्षांचा.

तो वाचला हे आमचं नशीब. सात वर्षं जास्तीचं पेट्रोल सोसून तो मरायला हवा होता. कन्व्हर्टर सहसा म्हातारपणानं जात नाही, त्याला कुणीतरी मारतं. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल त्याच्या जाळीवर जाऊन जळतं आणि उष्णतेनं जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस तिच्यावर थर धरतो. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते तर कन्व्हर्टरचं विषच होतं. अमेरिकेत १९७५ च्या सुमारास गाड्यांना कन्व्हर्टर आले तेव्हा त्यांच्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आणावं लागलं. म्हणून कन्व्हर्टर खरोखर मेला असेल तर आधी मारेकरी शोधायला हवा. नाहीतर नव्याचाही खून होतो. तुमच्या वाचकाच्या बाबतीत तसं तर झालं नाही ना, अशी मला शंका आहे. त्यांनी तिसऱ्या चिठ्ठीवरचा लॅम्डा बघावा. तो एकाच्या आसपास असेल आणि तरी मोनॉक्साइड जास्त असेल, तरच कन्व्हर्टरवर संशय घ्यायला जागा आहे. तो ०.९५ च्या खाली असेल तर आजार अजून इंजिनातच आहे.

कार्ब्युरेटरच्या गाड्या आणि जुन्या दुचाकींचं गणित थोडं सोपं. तिथे सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. एअर फिल्टर तुंबलाय का, चोक पुरता परत जातो का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, एवढं झाल्यावर सगळ्यात शेवटी मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावावा. बहुतेक लोक सुरुवातच स्क्रूपासून करतात. तपासणीपुरता तो आवळायचा, पास व्हायचं आणि गाडी पिकअप घेईना म्हणून दुसऱ्या दिवशी परत सैल करायचा. हे मी पाहिलं आहे, आणि करणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही हेही पाहिलं आहे.

फसवणुकीचं म्हणाल तर एका ओळखीच्या गृहस्थांनी मला आपली ‘पास’ चिठ्ठी मोठ्या कौतुकानं दाखवली. मोनॉक्साइड ०.२, हायड्रोकार्बन ४०. ‘बघा, तुमच्यापेक्षा छान!’ मी खालचे आकडे वाचले. डायऑक्साइड ५.८, ऑक्सिजन १२.६. मोकळ्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. पेट्रोल जाळणाऱ्या धडधाकट इंजिनाच्या धुरात बारा टक्के असणं शक्य नाही. यंत्राची नळी सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती टेकवली होती, त्यामुळे यंत्रानं निम्म्याहून जास्त हवाच ओढली. सगळे आकडे अडीचपट करा, म्हणजे डायऑक्साइड साडेचौदावर येतो. मग मोनॉक्साइड ०.५ आणि हायड्रोकार्बन १०० होतो. परीक्षेला गाडीऐवजी वारा बसला होता. हे मी त्यांना सांगितलं, त्यांना ते आवडलं नाही. मात्र मुद्दाम केलं असेल असंही नाही. फुटक्या सायलेन्सरमुळेही असेच आकडे येतात.

याउलट काही गोष्टी फसवणूक नसून तयारी असतात, आणि त्याही कुणी सांगत नाही. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांवर गेल्याशिवाय काम सुरूच करत नाही. घराजवळच्या केंद्रावर थंड गाडी नेली, वर अर्धा तास रांगेत नुसती सुरू ठेवली, की तो निवतो आणि चांगली गाडीही नापास होऊ शकते. वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवून थेट नळी लावायला उभी करावी. बाटलीतली औषधं टाकीत ओतून जळलेलं पॅकिंग भरून येत नाही. आणि ‘माझ्या गाडीचा धूर तर दिसतही नाही’ हे वाक्य विसरावं. मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आमच्या गाडीचाही धूर दिसत नव्हता. दिसतो त्याचा अर्थ वेगळा असतो: काळा म्हणजे पेट्रोल फारच जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही येत राहणारा दाट पांढरा म्हणजे बहुधा कूलंट आत शिरतंय.

प्रत्येक जुनी गाडी वाचवावी असं माझं म्हणणं नाही. रिंग झिजल्या असतील, कॉम्प्रेशन गेलं असेल, ऑइल दर आठवड्याला भरावं लागत असेल, तर तिला निरोप द्यावा. तिच्या मागे चालणाऱ्यांच्या फुप्फुसांचाही विचार करायला हवा. पण तो निर्णय निदान पेपर वाचून घ्यावा.

तपासणी केंद्रांना माझी विनंती मोठी नाही. पाचही आकडे चिठ्ठीवर ठळक छापा, आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहा: मोनॉक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असेल तर काय बघावं, हायड्रोकार्बन एकटाच जास्त असेल तर काय, मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन दोन्ही जास्त असतील तर काय, लॅम्डा ठीक असूनही मोनॉक्साइड जास्त असेल तर काय. रांगेतल्या त्या मुलाला यासाठी एक मिनिटही जास्त लागणार नाही. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. लाल पेन अजून आहे माझ्याकडे.

आणि त्या वाचकांना माझा निरोप द्यावा, की गाडी भंगारात देण्याआधी तिन्ही चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवा आणि रोज तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला विचारा, सकाळी गाडी सुरू केल्यावर काय ऐकू येतं.

आपली नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका

ता.क. आमच्या ह्यांनी पत्र वाचून घेतलं. थर्मोस्टॅट काढायला त्यांनी सांगितलं नव्हतं, मेकॅनिकनं आपल्या मनानं काढला, एवढी दुरुस्ती छापावी असं त्यांचं म्हणणं आहे.